टकटक वाजली की आई जाते

मित्रांनो, एका जागी गप्प उभं राहायला मला कधीच जमलं नाही. बाईंनी वर्गात 'हाताची घडी' म्हटलं की तुमचे पाय बाकाखाली कसे चुळबुळ करतात, तशी माझी चाकं सतत चुळबुळत असतात. फरशीला जरासा उतार मिळाला की मी निघालोच. कोणी ढकललं तर पळतो, आणि कोणी ढकललं नाही तर कोण ढकलेल याची वाट बघत तळमळतो.

मी पांगुळगाडा आहे. लाकडी, तीन चाकांचा, आणि तुमच्या बाबांच्या वयाचा. हल्ली बाळांना प्लास्टिकचे गोल वॉकर आणतात, त्यांत बाळाला बसवतात आणि ते गाणी वाजवतात. माझ्यात बसायची सोय नाही. माझी दांडी धरून उभं राहायचं, मी पुढं गेलो की माझ्यामागून पाऊल टाकायचं, एवढंच. पडायची सोय दोघांकडेही आहे, पण चालायला जास्त चांगलं मीच शिकवतो, असं आपलं माझं मत. वॉकरला विचाराल तर तो गाणं म्हणेल.

माझा जन्म हातकणंगल्याजवळच्या एका खेड्यातला. जिनपाल नावाच्या शेतकऱ्याचा मुलगा अनेकांत भिंत धरून उभा राहायला लागला, तेव्हा जिनपाल जोतीराम सुतारांकडे गेले आणि म्हणाले, "पोराला पांगुळगाडा पायजे. मजबूत कर." जोतीरामांच्या अंगणात उसाच्या बैलगाडीचं एक मोडकं चाक पडलेलं होतं, बाभळीचं. त्यांनी त्याच लाकडातून माझी चाकं काढली. आता तुम्हीच सांगा, जे लाकूड जन्मभर कारखान्याच्या रस्त्यानं पळालं, त्याला स्वस्थ बसायला कोण शिकवणार?

चाकांच्या वर जोतीरामांनी दोन छोट्या लाकडी हातोड्या बसवल्या. चाक फिरलं की त्या वर उचलल्या जातात आणि फळीवर आपटतात. टकटक, टकटक, टकटक.

"हे कशापायी?" जिनपालांनी विचारलं.

"आई चुलीपुढं आसती न्हवं," जोतीराम म्हणाले. "प्वार कुठवर गेलं ते तिला बसल्या जागी कळाय पायजे. वाजतंय तवर काळजी न्हाय. वाजायचं थांबलं की उठून बघायचं."

हे वाक्य लक्षात ठेवा बरं का. माझी टकटक आईसाठी होती. बाळ कुठं आहे, हे आईला कळावं म्हणून. पुढं त्याचं काय झालं, तीच तर माझी गोष्ट आहे.

अनेकांतनं मला अंगणभर पळवलं. गोठ्यापासून तुळशीपर्यंत आणि तुळशीपासून थेट पाण्याच्या हौदापर्यंत. त्याची आई सुरेखा भाकरी थापता थापता ओरडायची, "आरं हौदाकडं नगो." तिला मागं वळूनसुद्धा बघावं लागायचं नाही. गल्लीतली माणसं माझं कौतुक करायची. एक पाहुणे तर मला उलटा करून, चाकं फिरवून बघून गेले.

मग एके दिवशी अंगणात कोंबडी आली. अनेकांतनं माझी दांडी सोडली आणि तिच्यामागं धावला. तो धावला, मित्रांनो, स्वतःच्या पायांनी. मला केवढा आनंद झाला. मी तिथंच अंगणाच्या मधोमध त्याची वाट बघत उभा राहिलो. तो परत आलाच नाही. म्हणजे घरी आला, जेवला, झोपला, पण माझ्याकडे आला नाही. त्याच्यानंतर त्याची धाकटी बहीण आली, मग शेजारपाजारची पोरं. सगळ्यांनी तेच केलं. माझ्या कामाचं स्वरूपच तसं आहे, हे मला समजतं. मला सोडून पळता आलं की माझं काम झालं. पण जाताना वळून कोणी बघितलं नाही, एवढं मात्र चाकात राहिलं.

नंतर मी माळ्यावर गेलो. तिथं फाटकी चाळण, जुना स्टो आणि ताडपत्रीची गुंडाळी माझ्या सोबतीला होती. त्यांना गप्प पडून राहायची सवय होती, मला नव्हती. खाली अंगणात लहान पोराचा आवाज आला की माझा कणा ताठ व्हायचा. आता शिडी लागेल, आता हात वर येईल. शिडी लागायची ती ताडपत्रीसाठी. अशी कितीतरी वर्षं गेली. माझा रंग उडाला, एका हातोडीचा खिळा सैल झाला.

आणि मग खरंच हात वर आला. सुरेखाचा. तिचे केस आता पांढरे झाले होते. तिनं मला खाली घेतलं, धुतलं, लाल-हिरवा रंग दिला, चाकांना गोडं तेल पाजलं. "अनेकांतची पोरगी उभी ऱ्हायला लागलीया," ती मला म्हणाली, की स्वतःलाच म्हणाली कोण जाणे. जिनपालांनी मला गाडीच्या डिकीत घातलं आणि मी कोल्हापूरला आलो, राजारामपुरीत, तिसऱ्या मजल्यावर.

तिथं आर्जवी होती.

आर्जवी म्हणजे गालावर कायम काहीतरी लागलेलं, दोन दात वर, दोन दात खाली, आणि चालायची एवढी घाई की पाय मागं राहायचे आणि पोट पुढं जायचं. तिनं माझी दांडी धरली आणि फरशीवरून आम्ही जे सुटलो. माझ्या आयुष्यात मी एवढी गुळगुळीत जमीन बघितली नव्हती. टकटक, टकटक. खालच्या मजल्यावर शिकवणीचे वर्ग चालायचे. तिथल्या सरांनी निरोप पाठवला, "तुमच्याकडे काही दुरुस्ती चालू आहे का? पोरांचं गणित चुकतंय." आर्जवीची आई दीपा हसून हसून खाली बसली. मग तिनं माझ्या हातोड्यांना कापड गुंडाळून बघितलं. आर्जवी एक पाऊल चालली, थांबली, वाकून हातोडीकडे बघितलं आणि कापड ओढून काढलं. टकटक पाहिजे म्हणजे पाहिजे.

हे सुखाचे दिवस होते. मग दीपाची रजा संपत आली. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करायची आणि तिला परत जायचं होतं. नुसतं जावं लागणार होतं असं नाही, तिला जायचंही होतं. काचेच्या नळ्यांच्या गोष्टी ती आर्जवीला भरवताना सांगायची. सुरेखानं फोनवर सांगितलं, "मी आले आसते गं, पर म्हशी कुणाच्या गळ्यात बांधू? आर्जवीला आणून सोडा की हिकडं. शनिवार-रविवार तुम्ही या." अनेकांत म्हणाला, "बघूया." दीपा म्हणाली, "आधी पाळणाघर बघूया."

पाळणाघर दोन गल्ल्या सोडून होतं. एका बंगल्याचा खालचा मजला, पुढं जाळीचं दार, दाराबाहेर चपला काढायची पायरी. ते स्वप्नालीकाकी चालवायच्या. आवाज एवढा मोठा की त्या कुजबुजल्या तरी झोपलेलं बाळ दचकायचं, पण हात मऊ. त्यांनी दीपाला सांगितलं, "वहिनी, घरातली एखादी आवडती वस्तू पाठवा संगं. पोरं लवकर रमत्यात." म्हणून माझीही पाळणाघरात भरती झाली. डब्याबरोबर, बिनकांद्याच्या खिचडीबरोबर रोज सकाळी जायचं, संध्याकाळी परत घरी.

मित्रांनो, पाळणाघरातली सकाळ तुम्ही बघितली नसेल, म्हणजे तेव्हा तुम्हीच रडत होता म्हणून आठवत नसेल. तिथं प्रत्येक बाळ आपापल्या पद्धतीनं रडतं. एक अगदी तान्हं होतं. त्याला कोण आलं, कोण गेलं याचं काही नव्हतं, फक्त आईची ओढणी नाकाशी पाहिजे. ती धुवायला नेली की सगळं घर डोक्यावर. एक मुलगा आई असताना हसायचा आणि तिची गाडी कोपऱ्यावर वळली की मगच रडायला सुरुवात करायचा, जसं काही तिला वाईट वाटू नये म्हणून थांबला होता. आणि राजवीर होता. तो थोडा मोठा, दोन-अडीच वर्षांचा. तो रडायचा नाही, चावायचा. नवीन कोणी आलं की त्याला चावून बघायचा. मलाही चावला. माझ्या दांडीवर त्याचे दात अजून आहेत.

पहिल्या दिवशी निघायच्या आधी सुरेखाचा फोन आला. "हे बघ दीपा, पोरगी खेळात रमली की मागच्या मागं सटकायचं. नजर चुकवून. मी शेताला जाताना अनेकांतला आसंच सोडून जायची. सांगून गेलं की पोरं पदराला लोंबकळत्यात."

स्वप्नालीकाकींचंही तेच मत. "वहिनी, पोरगी गाडा घेऊन भिंतीकडं गेली की तुम्ही निघा. मागं बघू नका. मी हाय की."

आपल्याकडे सगळे असंच करतात. आजी करते, मावशी करते, तुमच्या आईनंही केलं असेल. त्यात कोणाच्या मनात वाईट नसतं. बाळ रडू नये, एवढंच असतं.

आर्जवीनं माझी दांडी धरली. समोरच्या भिंतीवर मोठा हत्ती रंगवलेला होता. आम्ही हत्तीकडे निघालो. टकटक, टकटक. हत्तीच्या सोंडेला हात लावून ती खुदकन हसली. मग मला वळवलं, ते सोपं नसतं हं, आधी मला उचलायचं, मग स्वतः फिरायचं, आणि आईला दाखवायला वर बघितलं.

दारात आई नव्हती. पायरीवर आईच्या चपला नव्हत्या.

ती लगेच रडली नाही. मला तेवढ्याच घाईनं ढकलत तिनं दार गाठलं, जाळीला तोंड लावलं आणि पायरीवरच्या रिकाम्या जागेकडे बघत राहिली. मग रडली. हत्ती, चेंडू, केळं, काकींची मांडी, कशाचाच उपयोग झाला नाही. संध्याकाळी ऊन खाली उतरलं, दीपा धावत आली, तेव्हा आर्जवीनं तिला एवढं घट्ट धरलं की ओढणीची पिन तुटली.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. प्रत्येक वेळी आम्ही निघायचो, टकटक वाजायची, आणि परत वळून बघितलं की चपला नाहीत. आर्जवी लहान होती, पण ती काही वेडी नव्हती. तिनं आपला हिशेब लावला. हत्ती होता तेव्हाही आई गेली, चेंडूकडे गेलो तेव्हाही गेली. दोन्ही वेळी वाजत काय होतं? मी.

टकटक वाजली की आई जाते.

मग तिनं मला वाजवायचंच बंद केलं.

ती यायची, माझी दांडी धरायची, मला दाराकडे तोंड करून उभा करायची आणि हलायचीच नाही. मी थोडा जरी सरकलो तरी दोन्ही मुठींनी मागं खेचायची. हातोडी फळीला लागू नये म्हणून. माझं काय झालं असेल, विचार करा. चाकं शिवशिवताहेत, समोर उताराचा व्हरांडा आहे, हात दांडीवर आहेत आणि हलायचं नाही. पण त्या मुठींना घाम यायचा. त्या घामानं माझा नवा रंग निघायला लागला. तेव्हा मी माझी तक्रार गिळून टाकली. माळ्यावर होतो तेव्हाही अस्वस्थ होतो, पण तिथं निदान कोणी घाबरलेलं नव्हतं.

आणि गंमत बघा. ती रडायची थांबली. स्वप्नालीकाकी खुशीत म्हणाल्या, "वहिनी, रमली बघा तुमची पोरगी. आता रडत न्हाय."

काकी खोटं बोलत नव्हत्या. ती खरंच रडत नव्हती. खातही नव्हती, हसतही नव्हती. नुसती दाराकडे बघत उभी. दिवसभर उभं राहून दुपारी माझ्या दांडीवर डोकं टेकवून पेंगायची आणि तशीच दचकून जागी व्हायची. घरी दीपा न्हाणीत गेली तरी दाराबाहेर बसायची. घरातसुद्धा मी गप्प. खालच्या सरांनी जिन्यात दीपाला विचारलं, "दुरुस्ती संपली का?"

आधी चालणारी पोरगी चालत नाही म्हटल्यावर घर हललं. डॉक्टरांनी पाय बघितले आणि सांगितलं, पाय उत्तम आहेत. सुरेखानं फोनवरून मीठ-मोहरी ओवाळायला लावली. दीपानं तेही केलं. मोहरी तडतडली, आर्जवी दचकली, पण मी जागचा हललो नाही. मग जिनपालांनी फोन हातात घेतला. ते कमी बोलायचे.

"शनिवारी येतो. पोरीला घिऊन जातो. हितं मोकळं हाय, गुरं हायत. चालंल आपोआप."

"आण्णा, तिला सवय व्हायला थोडे दिवस लागतात," अनेकांत म्हणाला.

"किती दिस? लेकरू वाळाय लागलंय."

फोन ठेवल्यावर अनेकांत दीपाला म्हणाला, "तिकडं ती सुखात राहील गं. तू पण निवांत काम करशील."

"निवांत," दीपा म्हणाली. "संध्याकाळी दार उघडलं की आत कोणी नाही. ते निवांत का?"

अनेकांतनं माझी दांडी धरून मला उगाच थोडं पुढं सरकवलं. टक. आर्जवी खोलीतून रांगत, रडत, धडपडत आली आणि आईच्या पायाला मिठी मारली. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. पण तेव्हा त्यांना कळलं नाही. मी मात्र फळीफळीतून ओरडत होतो, अरे, ऐका, तिला काय ऐकू आलं ते ऐका. पण माझ्याकडे बोलायला टकटक सोडून दुसरं काय आहे? आणि तीच तर तिला नको होती.

शनिवार जवळ येत चालला. आर्जवीच्या फ्रॉकची पिशवी भरून दाराशी ठेवलेली.

शुक्रवारी सकाळी दीपा तिला पाळणाघरात घेऊन आली. आर्जवी नेहमीप्रमाणे मला दाराकडे तोंड करून धरून उभी. दीपा पायरीवर बसून होती, चपला घातल्या नव्हत्या, नजर चुकायची वाट बघत होती. नजर काही चुकेना. तेवढ्यात राजवीर आला.

"माजा हाय," तो म्हणाला.

माझा त्याच्याशी काहीही संबंध नव्हता, पण राजवीरला ते कोण सांगणार? त्यानं आर्जवीच्या हातातून मला हिसकलं आणि सुसाट निघाला. इतक्या दिवसांनी माझी चाकं मोकळी झाली. टकटक टकटक टकटक.

आर्जवी किंचाळली. स्वप्नालीकाकी आतून धावल्या. "राजवीर, दे तिचा गाडा. आधी दे. शहाणा हायस की न्हाय तू?"

पण दीपा जागची उठली नाही. ती आर्जवीकडे बघत होती. गाडा नेला म्हणून रडणारं मूल गाड्याकडे बघतं, नाही का? आर्जवी माझ्याकडे बघतच नव्हती. राजवीरकडेही नाही. ती आईकडे आणि आईच्या चपलांकडे बघत होती, आणि दोन्ही तळवे कानांवर दाबून रडत होती.

राजवीर थांबला. मी थांबलो. आर्जवीचं रडणं हुंदक्यावर आलं.

"राजवीर," दीपा हळूच म्हणाली, "परत चालव बघू."

"चालवू?"

"थोडंसं."

टक. आर्जवीनं चपलांवर झडप घातली आणि दोन्ही चपला पोटाशी धरल्या.

दीपाचा चेहरा मी कधी विसरणार नाही. तिनं आर्जवीला चपलांसकट मांडीवर घेतलं आणि कितीतरी वेळ नुसती हलत राहिली. "ताई," ती काकींना म्हणाली, "हिचे पाय ठीक आहेत. गाडा वाजला की मी पळते, हे हिला पाठ झालंय."

काकी दारातच बसल्या. पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला. "अगं बाई. आणि मी म्हणत होते पोरगी रमली."

"आज सांगून जाते."

"वहिनी, सांगून गेलात तर लई रडंल."

"रडू दे. माझ्यावर रडू दे. दाराकडे बघत उभी राहायला नको."

मग दीपानं आर्जवीला समोर धरलं. "हे बघ, मी चपला घालते. बघितल्यास? आता मी लॅबमध्ये जाते. तू काकीच्या हातची खिचडी खा. मग गाई कर. उठल्यावर केळं. केळं खाल्लं की आई येते. टाटा."

एवढं सगळं आर्जवीला कळलं असेल असं नाही. पण आई तिच्याकडे बघत बघत उठली, बघत बघत दाराबाहेर गेली आणि हात हलवत कोपऱ्यावर वळली. आर्जवी रडली. पहिल्या दिवसापेक्षा जास्त रडली. काकींना चावलीसुद्धा, त्यामुळे राजवीर तिच्याकडे पहिल्यांदाच आदरानं बघायला लागला. पण हे रडणं वेगळं होतं. हे रडणं संपलं. रडून झाल्यावर ती काकींच्या मांडीवर पसरली आणि चार घास खिचडी खाऊन खरीखुरी झोपली. उठल्यावर तिला केळं दिलं. ते हातात घेऊन ती दाराकडे बघत बसली, शेवटचा घास तोंडात असताना पायरीवर चपला वाजल्या, आणि दीपा घाम पुसत आत आली. लॅबमधून ती कशी पळत सुटली होती, ते तिचं तिलाच ठाऊक.

त्या शनिवारीही दीपाला लॅबमध्ये जायचं होतं, म्हणून सकाळी जिनपाल आणि सुरेखा हातकणंगल्याहून थेट पाळणाघराच्या दारात आले. गाडीत उशी, गादी, पाण्याची बाटली, सगळी तयारी.

"कुठं हाय माझी बाय?" सुरेखा म्हणाली.

"आई, जरा बसा," दीपा म्हणाली. "मग न्यायचं असेल तर न्या."

दोघं व्हरांड्यात बसले. दीपा पायरीवर बसली, चपला बाजूला काढून, आर्जवीला दिसतील अशा. आर्जवी माझी दांडी धरून उभी. मुठी घट्ट. मी श्वास रोखून धरला, म्हणजे लाकूड जेवढा धरू शकतं तेवढा.

तिनं मला बोटभर पुढं ढकललं. टक.

लगेच थांबली. आईकडे बघितलं. आई होती. चपला होत्या.

पुन्हा बोटभर. टक. आई होती.

टकटक. वळून बघितलं. आई हसली. "आहे गं. इथंच आहे."

मित्रांनो, एवढ्या वर्षांत मी अंगणं पालथी घातली, पण त्या चार फरशांएवढा लांबचा प्रवास मी कधी केला नाही. आम्ही हत्तीपर्यंत गेलो. परत आलो. आई होती. मग दीपानं तिच्या डोळ्यांदेखत चपला घातल्या. आर्जवीचा खालचा ओठ बाहेर आला, थरथरला. "केळं खाल्लं की येते. टाटा," दीपा म्हणाली आणि निघाली. आर्जवी रडत रडत मला ढकलत दारापर्यंत गेली, टकटक टकटक, आणि जाळीतून हात बाहेर काढून हलवला. उलटा, स्वतःकडेच, पण हलवला.

सुरेखानं डोळ्याला पदर लावला. "चालतीया की वो."

"हां," जिनपाल म्हणाले. त्यांनी आपल्या टोपीची घडी नीट केली. मग म्हणाले, "ऱ्हाऊ दे हितंच. आईच्या घरात हाय, ते बरं."

"मग आम्ही काय, तेल जाळून नुसतं पांगुळगाडा बघाय आलो व्हय?"

"भाजी घेऊया. चल."

आर्जवी हत्तीकडे वळली होती. ते बघून सुरेखानं जिनपालांना खूण केली, पदर सावरला, चपला हातात घेतल्या आणि दोघं पाय न वाजवता, भिंतीला घासत दाराबाहेर निघाली. सगळ्या जन्माची सवय ती.

"अज्जी," स्वप्नालीकाकींनी आपल्या खऱ्या आवाजात हाक मारली. सगळी बाळं दचकली. "सांगून जावा की."

सुरेखा दारात थिजली. मग वळली, आत आली, खाली बसली आणि नातीला म्हणाली, "जात न्हाय बाय. येते. टाटा कर अज्जीला." आर्जवीनं टाटा केला. जिनपालांनीही केला, टोपी काढून.

पुढचे सगळे दिवस सोपे होते असं समजू नका. ताप येऊन गेल्यावर पुन्हा पहिल्यापासून रडणं झालं. दिवाळीच्या सुट्टीनंतर तर तिनं पाळणाघराच्या दारालाच लाथ मारली. पण दाराकडे तोंड करून मला कोणी परत उभं केलं नाही. काकी आता नवीन बाळ आलं की त्याच्या आईला आधी पायरीवर बसवतात. नजर चुकवून निघालेला एखादा बाबा दिसला की त्याला हाक मारून परत बोलावतात, आणि तो आवाज चौथ्या गल्लीपर्यंत जातो.

आणि मग तो दिवस आला, जो माझ्या वाट्याला नेहमीच येतो. आर्जवी माझी दांडी सोडून हत्तीपर्यंत गेली. हात सोडून, डुलत, डुलत. पुढच्या खोलीत मोठी मुलं ठोकळे रचत होती, तिकडे तिला जायचं होतं. मी ओळखलं. कोंबडीच्या वेळेसारखंच हे. मी चाकं घट्ट केली आणि तिची पाठ बघत राहिलो.

उंबऱ्याशी ती थांबली. भिंत धरून वळली. माझ्याकडे बघितलं.

"ताता," ती म्हणाली आणि हात हलवला.

मित्रांनो, एवढी मुलं माझ्या हाताखालून चालायला शिकून गेली. सांगून गेली ती ही एकटी.

आता माझ्या एका हातोडीची फळी चिरली आहे. तेल कोणी घातलं तर हवंच आहे, आणि माळ्यावर टाकू नका एवढी विनंती आहे. घरात जुनी वस्तू असेल तर तिची चाकं एकदा फिरवून बघा, तिला अजून पळायचं असेल. पण मोठं मागणं माझ्यासाठी नाही. तुमच्या घरातलं धाकटं पाळणाघरात जायला लागेल, तेव्हा आईबरोबर तुम्हीही जा. ते खेळात रमलं की तुमचेही पाय हळूच दाराकडे वळतील. थांबा. त्याच्यासमोर बसा, चपला त्याच्या डोळ्यांदेखत घाला, कधी येणार ते सांगा आणि तेव्हाच या. ते रडेल. रडू दे.

मी आता पाळणाघरातच असतो, आणि उद्या इथं एक नवीन बाळ येणार आहे म्हणे, कसबा बावड्याहून. चाकं आत्तापासूनच शिवशिवताहेत. तुम्हालाही आता जायचं असेल, शाळेची रिक्षा खाली थांबली असेल. जा. फक्त पुस्तक मिटण्याआधी माझ्याकडे बघून एकदा टाटा करा. मी रडणार नाही.